ओंडक्याचं घनफूट आणि वजन: कोणता आकडा कशासाठी?

मोजपट्टी

वखारीत ज्याला दहा घनफूट म्हणतात तो ओंडका प्रत्यक्षात पावणेतेरा घनफुटांचा असतो. यात कुणी फसवत नाही, सूत्रच तसं आहे. पण हाच दहाचा आकडा उचलून वजन काढलं की गाडीचे पाटे बसतात. म्हणून हा धागा.

आपल्याकडे गोल लाकूड चौथाई घेराच्या हिशेबाने विकलं जातं. घेराला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. घेर इंचात आणि लांबी फुटांत असेल तर शेवटी १४४ ने भागायचं. थोडक्यात, घेर × घेर × लांबी ÷ २३०४. घेर ४८ इंच, लांबी १० फूट: ४८ ÷ ४ = १२, १२ × १२ = १४४, गुणिले १०, भागिले १४४, बरोबर १० घनफूट.

वर्तुळाचं खरं क्षेत्रफळ घेराचा वर्ग भागिले १२.५७ असतं. इथे आपण भागतो १६ ने. म्हणजे खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच हाती लागतात. हे कोष्टक एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मध्ये छापलं. गोल लाकूड चौकोनी करताना फळकुटं आणि भुसा वाया जाणारच, तो अंदाजे आधीच वजा करावा असा त्यामागचा व्यवहार. इंग्रजांबरोबर ते इथे आलं आणि राहिलं.

खरं घनफळ हवं असेल तर घेर (इंच) × घेर × लांबी (फूट) ÷ १८१०. वरचाच ओंडका १२.७३ घनफूट येईल, म्हणजे ०.३६ घनमीटर.

नियम एकच लक्षात ठेवा. विक्रीची पावती, लिलाव, दर यासाठी चौथाई घेर. वजन, वाहतूक, क्रेन, रसायनात बुडवायची टाकी, यांतलं काहीही असेल तर खरं घनफळ.

टनभर

चांगला विषय. वजनासाठी एक झटपट सूत्र देतो, वहीत लिहून ठेवा:

घेर (इंच) × घेर × लांबी (फूट) ÷ ६४ = किलो

हे पाण्याइतक्या घनतेच्या, म्हणजे घनमीटरला १००० किलो भरणाऱ्या लाकडाचं वजन. ताजं तोडलेलं बरंचसं लाकूड याच्या आसपास असतं. ४८ इंच घेर, १० फूट लांबी: २३०४ × १० ÷ ६४ = ३६० किलो. लाकूड हलकं किंवा जड असेल तर आलेल्या आकड्याला ०.९ किंवा १.१ ने गुणा. मेट्रिकमध्ये घेर सेंमी × घेर × लांबी मीटर ÷ १२५.७.

घेर मात्र सालीवरून घ्या. गाडीत साल पण चढते.

रानमोडी

६४ चं सूत्र आवडलं. एक प्रत्यक्ष हिशेब तपासून द्याल का? आंब्याचे चार नग, प्रत्येकी ८ फूट. मधला घेर सालीसकट ७२, ६६, ६०, ५४ इंच. तोडून चार दिवस झालेत. माझा हिशेब: एकूण ५५.७५ घनफूट, म्हणजे १.५८ घनमीटर. आंब्याची घनता ६५० धरली तर १०२६ किलो. दीड टनाच्या पिकअपमध्ये एका खेपेत बसायला हवं.

टनभर

नका नेऊ!

तुमच्या हिशेबात दोन चुका आहेत आणि दोन्ही एकाच बाजूला ओढतात. एक, ५५.७५ हे वखारीचं घनफूट आहे. खरं घनफळ ७१ घनफूट, म्हणजे २.०१ घनमीटर. दोन, ६५० ही वाळलेल्या आंब्याची घनता आहे, फळ्या करून महिनोन् महिने वाऱ्यावर ठेवलेल्या लाकडाची. चार दिवसांचा ओंडका म्हणजे ओलाच. ओला आंबा घनमीटरला ९०० ते १००० किलो भरतो. ९५० धरून नगवार वजन साधारण असं: ६१७, ५१८, ४२८, ३४७. बेरीज १९१० किलो.

म्हणजे एक टन समजून गाडी बोलावली असती आणि जवळजवळ दोन टन भरले असते. दोन खेपा करा: ७२ आणि ५४ चे नग एकत्र, ६६ आणि ६० चे एकत्र. दोन्ही खेपा साडेनऊशे-साडेनऊशे किलोच्या येतात.

रानमोडी

धन्यवाद. नेमकी हीच चूक इथल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या बोलण्यातही ऐकू येते, "पन्नास घनफूट म्हणजे टनभर". दोन खेपा करतो.

वखारीची वही

घेर कुठे आणि कसा घ्यायचा यावर कुणी बोललं नाही. भांडणं तिथेच होतात.

घेर लांबीच्या बरोबर मध्यावर घ्यायचा. मध्यावर गाठ, फांदीचा फुगवटा किंवा खोच असेल तर वर आणि खाली सारख्याच अंतरावर दोन घेर घेऊन त्यांची सरासरी. फीत ओंडक्याला काटकोनात बसली पाहिजे. तिरकी बसली की घेर वाढतो आणि वर्गामुळे चूक दुप्पट होते: घेरात २ टक्के चूक म्हणजे घनफळात ४ टक्के.

जमिनीवर पडलेल्या ओंडक्याखालून फीत सरकत नाही, म्हणून माणसं वरून अर्धा घेर घेऊन दुप्पट करतात. हे करू नका. बारीक तारेचा आकडा करून सुतळी खालून ओढा, गाठीपाशी खूण करा आणि सुतळी फितीवर मोजा. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून ती घेऊ नका.

सालीखालचा घेर घ्यायचा असेल तर मध्यावर चार बोटं रुंदीची साल कड्यासारखी काढून फीत लाकडावर बसवा. साल काढणं शक्य नसेल तर दोन-तीन ठिकाणी पटाशीने खोचून जाडी बघा आणि जाडी × ६.२८ इतका घेर वजा करा. १ सेंमी साल म्हणजे घेरात ६.३ सेंमी. ४८ इंची सागावर हे फार वाटत नाही, पण सालीवरून तोच घेर साडेपन्नास इंच येतो आणि १० चे ११ घनफूट होतात. घेणाऱ्याने दर ठरवायच्या आधी विचारावं, "सालीवरून की सालीखालून?"

इंच खाली ओढण्याची पद्धत पण विचारून घ्या. ४८ आणि पाऊण इंच असला तरी ४८ च लिहितात. मोठ्या नगाला फारसा फरक पडत नाही, पण २४ इंची बल्लीत (बारीक सरळ खांबात) एक इंच गेला की सव्वाआठ टक्के गेले.

करवतकाठी

मधला घेर हा आदर्श नाही हेही सांगायला हवं. खोड हे नळकांडं नाही. बुडख्याकडे ते घंटेसारखं पसरतं, मधे जरा सरळ, शेंड्याकडे शंकूसारखं निमुळतं.

५ मीटरचा बुडखा घ्या. जाड टोकाचा घेर १५०, मधला १२०, शेंड्याकडचा १०० सेंमी.

मधल्या घेरावरून खरं घनफळ ०.५७३ घनमीटर.
दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ०.६४७.
दोन टोकांच्या घेरांची सरासरी (१२५) घेऊन केलं तर ०.६२२.
तिन्ही घेरांची क्षेत्रफळं काढून, मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागलं तर ०.५९७.

शेवटचं सर्वात जवळचं. मधला घेर इथे ४ टक्के कमी दाखवतो, टोकांची सरासरी ८ टक्के जास्त. म्हणून टोकांची सरासरी सांगणारा विकणारा असेल आणि मधल्या घेरावर अडून बसणारा घेणारा असेल, तर दोघंही गणिताने नव्हे, फायद्याने बोलताहेत 🙂

बुडख्याचा पहिला मीटर वेगळा मोजला की अर्धी भानगड मिटते. उरलेल्या सरळ भागाला मधला घेर चालतो.

सह्यकडा

सागाच्या बुडख्याला उभ्या खाचा असतात, तिथे फीत खाचांवरून पुलासारखी जाते आणि आत हवा मोजली जाते. अशा नगाला घेर खोटा. टोकाला पुठ्ठा लावून आकार उतरवून घ्या, चौकटीच्या कागदावर चौकोन मोजा. कंटाळवाणं आहे, पण जाड बुडखा असेल तर फेडून जातं.

मोजपट्टी

बरोबर. लंबवर्तुळी ओंडक्याचंही तसंच: त्याच घेरात वर्तुळच सर्वात जास्त क्षेत्र धरतं, म्हणून चपट्या खोडाला घेरावरचं सूत्र जास्त देतं. तिथे टोकाचे दोन व्यास काटकोनात घ्या, त्यांचा गुणाकार × ०.७८५४.

बांधकरी

पोकळ ओंडक्यांचं काय? जुन्या सागात आणि आंब्यात पोकळी सर्रास असते.

वखारीची वही

पहिल्यांदा लोखंडी सळई घालून पोकळी किती खोल जाते ते बघा. दोन्ही टोकांना दिसत असेल तर मोठ्या आणि लहान तोंडांच्या क्षेत्रफळांची सरासरी × लांबी वजा. एकाच टोकाला असेल आणि आत निमुळती होत संपत असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ × खोली ÷ ३. सळई मऊ भुग्यात रुतली तर तो भागही पोकळीतच धरा, तिथे करवत चालवून काही मिळणार नाही.

विक्रीत मात्र भोकाचं नुसतं घनफळ वजा करून भागत नाही. २० सेंमीच्या भोकाभोवतीच्या लाकडाला भेगा असतात आणि त्यातून रुंद फळी निघत नाही. भोकाच्या व्यासाला चौकोन मानून, म्हणजे २० × २० × लांबी, वजा करायला लावा. ३ मीटरला ते ०.१२ घनमीटर होतं, गोल धरलं तर ०.०९४.

वजनासाठी उलट. भुगा पावसात स्पंजासारखा पाणी धरतो, म्हणून पावसाळ्यात पोकळ ओंडका वजनाला हलका समजू नका.

रंधाभुसा

घनतेचे आकडे एकत्र लिहितो. वाळलेलं म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या आसपास, किलो दर घनमीटर:

साग ६५०, आंबा ६५० ते ७००, फणस ६०० च्या आसपास, बाभूळ ८००, शिसव ८५०, ऐन ८५० ते ९००, सावर ३५० ते ४००.

ताजं तोडलेलं: साग १००० च्या आसपास, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ १००० ते ११००. सावरीवर भुलू नका. वाळल्यावर खोक्याच्या फळीइतकी हलकी, पण ताजी तोडलेली त्याच्या दुपटीहून जड भरते, कारण आत नुसतं पाणी.

ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी बुंध्याभोवती खाच पाडून दोन-तीन वर्षं उभाच वाळवत, ते याच कारणाने. हिरवा साग नदीत नीट तरंगत नाही.

टनभर

रंधाभुसा यांचे आकडे सुरुवातीला ठीक, पण पाच-पन्नास टनांचा सौदा असेल तर स्वतः घनता काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ओंडक्याच्या टोकापासून किमान फूटभर आत ५ सेंमी जाडीची चकती कापा. टोकं आधी वाळतात, तिथली चकती हलकी येते. लगेच वजन करा, उन्हात ठेवू नका. मग स्वयंपाकघरातल्या किंवा किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याची बादली ठेवा, काटा शून्यावर आणा. चकती बारीक सळईने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, बादलीच्या बुडाला किंवा बाजूला लागू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके चकतीचे घनसेंटिमीटर. चकतीचं वजन भागिले हा आकडा, गुणिले १०००, म्हणजे किलो दर घनमीटर.

चुका कुठे होतात: सालीत हवेचे बुडबुडे अडकतात (बुडवून एकदा हलवा), चकती जास्त वेळ पाण्यात राहून पाणी पिते (वजन आधीच करून ठेवा), आणि मोठी चकती काट्याच्या क्षमतेत बसत नाही. मग पिझ्झ्यासारखी पाचर कापा, गाभ्यापासून सालीपर्यंत. नुसता गाभा किंवा नुसता बाहेरचा पांढरा भाग घेतला तर आकडा फसवेल.

बांधकरी

निलगिरी कागद कारखान्याला टनावर देतात. तोडल्यावर आठवडा गेला की वजन किती उतरतं?

रंधाभुसा

एकच टक्का सांगता येत नाही. साल, जाडी, ऊन, ढीग मारलाय की सुटं आहे, सगळ्यावर आहे. पण ओलावा माहीत असेल तर हिशेब सरळ आहे. ओलावा कोरड्या लाकडाच्या टक्केवारीत धरतात, म्हणून तो १०० च्या वरही जातो. ९० टक्क्यांवरून ६० वर आला तर १.९० चे १.६० झाले, म्हणजे वजनात जवळजवळ १६ टक्के तूट. १० टनांचे ८.४ टन.

गंमत अशी की या काळात घनफळ जागचं हलत नाही. लाकूड आकसायला लागतं ते साधारण ३० टक्के ओलाव्याच्या खाली गेल्यावर. म्हणून टनावर विकणाऱ्याने तोडल्याबरोबर गाडी भरावी, घनमीटरवर विकणाऱ्याला घाई नाही. साल काढलेली निलगिरी भराभर सुकते, सालीसकट ठेवली तर सावकाश.

सह्यकडा

जळाऊ आणि बारीक मालाच्या ढिगाचं सांगा कुणी. तिथे नगवार घेर घेणं अशक्य.

करवतकाठी

ढिगाची लांबी × रुंदी × उंची, मग आतली हवा वजा. सरळ, सारख्या जाडीच्या, साल काढलेल्या बल्ल्यांचा ढीग ६५ ते ७० टक्के भरीव असतो. वाकड्या फांद्यांचा ५० टक्के, कधी त्याहूनही कमी. ४ × १.२ × १.५ मीटरचा ढीग म्हणजे ७.२ घनमीटर, ०.६५ ने गुणलं की ४.७ घनमीटर लाकूड.

हा गुणक डोळ्याने ठरवू नका. ढिगाच्या तोंडावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सुतळी ताणा. सुतळीचा जेवढा भाग लाकडाच्या टोकांवरून जातो तो मोजून एकूण लांबीने भागा. दुसऱ्या कर्णावर तेच करा, सरासरी घ्या. साल लाकडात धरायची नसेल तर तीही हवेतच मोजा. तोंडावर चापूनचोपून रचलेला आणि मागे पोकळ सोडलेला ढीगही बघितलेला बरा, म्हणून दोन्ही तोंडं तपासा.

रानमोडी

इथे जळाऊ लाकूड ब्रासवर विकणारेही आहेत. ब्रास म्हणजे १०० घनफूटच ना?

करवतकाठी

हो, पण वाळूसारखं ढिगाचं माप आहे ते, लाकडाचं नव्हे. ५५ टक्के भरीव असेल तर एका ब्रासमध्ये ५५ घनफूट लाकूड, ओलं असेल तर साधारण दीड टन.

धारवाला

सॉ मिलच्या बाजूने. "१० घनफूट ओंडका दिला आणि ७ घनफूट फळ्या मिळाल्या, ३ कुठे गेले?" हा प्रश्न रोजचा. फळ्यांचं माप खऱ्या घनफुटात असतं, ओंडक्याचं वखारीच्या. ओंडका खरा १२.७ होता, त्यातून ७ निघाले, म्हणजे ५५ टक्के. बाकीचं सालीजवळची फळकुटं आणि भुसा. एक इंची फळीमागे पाती ३ मिलिमीटर खाते, म्हणजे दर दहा इंचांत एक इंचाहून जास्त भुशात.

पूर्ण गोल, सरळ ओंडक्यातून सर्वात मोठा चौकोनी ठोकळा काढला तरी खऱ्या घनफळाच्या ६३.७ टक्केच येतो, वखारीच्या घनफुटाच्या ८१ टक्के. ओंडका किंचित वाकडा असला की तोही हिशेब गेला. लांब वाक असलेला ओंडका आधी तोडून दोन लहान नग करा, प्रत्येकातला वाक कमी होतो आणि फळ्यांचा उतारा वाढतो.

मोजपट्टी

हे छान झालं. दराचंही असंच. कुणी खऱ्या घनफुटावर दर सांगितला तर तुलना करण्याआधी बदलून घ्या. वखारीच्या घनफुटाला २००० म्हणजे खऱ्या घनफुटाला १५७१. दोघांचा भाव एकच. घनमीटरवर जाताना तीच भानगड: एका खऱ्या घनमीटरचे खरे ३५.३ घनफूट होतात, पण वखारीचे २७.७ च.

टनभर

एक राहिलं. शेतात वजनकाटा नाही, ओंडका क्रेनला लटकवायचाय आणि क्रेनवाला "वजन सांगा" म्हणतो. लटकता काटा असेल तर पूर्ण ओंडका उचलायची गरज नाही. एका टोकाखाली आडवं लाकूड सरकवा, दुसरं टोक काट्याने जमिनीपासून बोटभर उचला, आकडा लिहा. मग उलट करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे पूर्ण वजन. निमुळता ओंडका असला तरी चालतं. अट एकच, टेकू आणि काट्याचा हुक अगदी टोकांवर हवेत, आणि ओंडका जवळपास आडवा. टेकू फूटभर आत सरकला की बेरीज चुकते.

काटा नसेल तर ६४ चं सूत्र, १.१ ने गुणून. क्रेनच्या बाबतीत कमी सांगण्यापेक्षा जास्त सांगितलेलं बरं. बुडखा आणि शेंडा यांच्या मधोमध पट्टा बांधू नका, जड बाजू बुडख्याकडे असते. पट्टा बुडख्याकडे सरकवून एकदा चार इंच उचलून बघा, मग वर न्या.

सह्यकडा

एक दुरुस्ती, टनभर. मेट्रिकमध्ये १२५.७ ने भागताना घेर सेंटिमीटरच हवा. वनविभागाच्या मोजणी यादीत कधी घेर मीटरमध्ये लिहिलेला असतो, १.२० असा. तो आधी १२० करा, नाहीतर दहा हजार पट चूक. अर्थात तेवढी चूक डोळ्याला दिसतेच; न दिसणारी म्हणजे तीच यादी चौथाई घेराची असणं आणि तिच्या घनमीटरला थेट १००० ने गुणणं. त्या यादीतल्या घनफळावरून वजन काढायचं तर आधी १.२७३ ने गुणा, आणि साल वेगळी धरा.

टनभर

बरोबर, तेवढं राहिलं होतं. साल जाड असेल तर वर आणखी १० टक्के धरा. वखारीची वही यांच्या ४८ इंची नगाला सेंटिमीटरभर सालीने तेवढीच भर पडते.